मंदीत मिस्त्री घरी पाठवायच्या आधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात विचारा. ऑर्डरी आटल्या की पहिला निर्णय ठरलेला असतो: एक शिफ्ट बंद. 2008-09 ला तेच झालं, 2019 ला गाड्यांचा खप पडला तेव्हाही तेच. मालकांना मी दोष देत नाही, बँकेचा हप्ता कुणाला चुकलाय? पण जुना माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय काय जातंय, याचा हिशेब कुठल्याच वहीत सापडत नाही.

वाळूचंच घ्या. मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करणारा मिस्त्री मिक्सरमधली वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो, गोळा मधोमध मोडतो. कड स्वच्छ तुटली तर ठीक, भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटली तर पाणी जास्त, म्हणजे कास्टिंगमध्ये, ओतून तयार झालेल्या भागात, ब्लोहोल (वायूनं पडलेली भोकं) ठरलेले. वापरून परत आलेली वाळू गरम असेल तर पाण्याचा अंदाज बदलतो, पावसाळ्यात नवी वाळू ओली आली की पुन्हा बदलतो. लॅबमध्ये मॉइश्चर मोजतात, मान्य. पण रिपोर्ट यायच्या आत मिस्त्रीनं बॅच थांबवलेली असते.

मालक म्हणतात, "आमच्याकडं सगळं लिहिलेलं हाय की!" आहे ना, ऑडिटची फाईल. वाळू तयार करा, साचा भरा, लोखंडाचा रस ओता. चौकोनाला चौकोन जोडलेत आणि खाली सह्या. कामाची पायरीन् पायरी चिन्हांनी मांडायची, म्हणजे कामाचा नकाशा काढायची पद्धत फ्रँक गिलब्रेथनं 1921 मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरांसमोर ठेवली. तो स्वतः गवंडीकाम करून वर आला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या फाईली बहुतेक केबिनमध्ये बसून लिहिलेल्या असतात.

नकाशात खरा जीव असतो तो 'असं झालं तर काय?' या फाट्यांत. लेडलमध्ये (रस वाहून न्यायच्या भांड्यात) इनॉक्युलंट, म्हणजे लोखंड फार कडक होऊ नये म्हणून घालायची पूड, टाकल्यावर लाईन अडली, तर किती वेळ थांबायचं? त्याचा असर काही मिनिटांत ओसरत जातो. मग पातळ भागात चिल येते, म्हणजे तिथलं लोखंड कडक होतं, आणि मशिनशॉपवाले टूल तुटलं म्हणून फोन करतात. तो रस ओतायचा की परत भट्टीत घ्यायचा, हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? एवढं कागदावर आलं तरी पुष्कळ झालं.

आता अवघड भाग. कपातीची कुजबुज सुरू असताना तुम्ही वही घेऊन मिस्त्रीसमोर बसलात, तर तो निम्मंच सांगणार. का सांगावं त्यानं? सगळं लिहून दिलं की उद्या गेट बंद, एवढं त्यालाही कळतं. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे: आधी त्याची नोकरी पक्की करा, मग नकाशा काढा. भट्टी थंड असलेल्या दिवसांत त्याला पूर्ण पगारावर शिकवायला बसवा, समोर एखादा आयटीआयचा पोरगा द्या. पोरानं प्रश्न विचारायचे, आणि मोठ्या कागदावर काढायचंही पोरानंच. मिस्त्रीनं फक्त चुकलेलं खोडायचं. कागदावर मिस्त्रीचं नाव मोठ्या अक्षरात पाहिजे.

काही मालक म्हणतील, कागद शेजारच्या फौंड्रीत गेला तर? जाऊ शकतो. पण आज पगार थकला तर शेजारी अख्खा मिस्त्रीच जातोय, त्याचं काय करणार?