रोप शेती, कुंडी धंदा

लॉकडाऊनमध्ये शेजारच्या वहिनींनी जेडची एक फांदी दिली, ती मी दह्याच्या रिकाम्या डब्यात खोचली आणि ती चक्क जगली, तिथून हे सगळं सुरू झालं. पाच वर्षांत आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेची बाल्कनी गेली, मग खिडक्यांच्या ग्रिल गेल्या, मग सेक्रेटरींना मोगऱ्याचं एक रोप दिल्यावर सोसायटीच्या गच्चीचा एक कोपराही मिळाला. रोपं फार झाली म्हणून वाटायला लागलो, पण फुकट नेलेलं झाड माणूस आठ दिवसांत मारतो हे लक्षात आलं म्हणून पन्नास रुपये घ्यायला लागलो, मग मुलीनं व्हॉट्सॲप ग्रुप काढला, बाल्कनीच्या रेलिंगला क्यूआर कोड लटकवला आणि मला न विचारता मी दुकानदार झालो.

आता माझं रिटर्न म्हणजे दरवर्षी पाच मिनिटांचं काम. ऑफिसनं दिलेला पगाराचा फॉर्म सोळा द्यायचा, एक चहा प्यायचा, संपलं. त्या रिटर्नच्या फॉर्मचं, आयटीआर एकचं, नावच मुळी 'सहज' आहे. पण मागच्या जुलैत मी श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवलेली बिलं घेऊन बसलो होतो, कारण माझ्या डोक्यात एक जबरदस्त आयडिया होती. वर्षाची विक्री 38,640, खर्च 61,115, म्हणजे 22,475 रुपये तोटा. हा तोटा पगारातून वजा करायचा आणि टॅक्स वाचवायचा. गांडूळखतावर इतके पैसे घातल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

आमचा सीए बी विंगमधलाच पोरगा आहे. लहानपणी त्याचा बॉल माझ्या काचेवर यायचा, अजून काका म्हणतो, पण लॅपटॉप उघडला की वेगळाच माणूस होतो.

"काका, हा छंद आहे का धंदा?"

"छंदच रे. मन रमतं."

"मग तोटा विसरा. छंद म्हटलं तरी आलेले पैसे इतर उत्पन्नात धरणार, आणि खर्च फक्त ते पैसे कमवायला केलेला तेवढाच. मन रमवायला केलेला नाही."

"मग धंदा म्हण."

"धंद्याचा तोटा पगारासमोर लावता येत नाही. पुढे आठ वर्षं ओढत न्या, नफा झाला की त्यातून वजा करा."

म्हणजे दोन्हीकडून बोंबच. वर तो कायद्यातली धंद्याची व्याख्या सांगायला लागला, की व्यापार, उद्योग, उत्पादन याशिवाय 'व्यापाराच्या स्वरूपाचं साहस' हेसुद्धा धंद्यातच येतं. म्हटलं हे मात्र जुळतंय, कारण लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये पाच पाच किलोच्या कोकोपीटच्या विटा चौथ्या मजल्यावर नेणं याला मराठीत दुसरा शब्द नाही.

"नफा कमवायचा हेतू होता का, ते महत्त्वाचं," तो म्हणाला.

"हेतू होता रे, नफा नव्हता."

आतून बायकोचा आवाज आला, "शंभराच्या रोपाला दीडशेचं खत घालणाऱ्याचा हेतू काय असणार हो?" माझ्या केसमधली सगळ्यात भक्कम साक्ष माझ्याच विरुद्ध, तीही स्वयंपाकघरातून.

न्यू जर्सीतल्या मावसभावाला फोन लावला, त्याच्या बायकोचा तिकडे चकल्यांचा असाच उद्योग चालतो. तो म्हणाला इकडे बरंय, पाच वर्षांत तीन वर्षं नफा दाखवलास तर सरकार साधारण धंदा धरून चालतं, आणि घोड्यांची पैदास किंवा रेस असेल तर सातपैकी दोन वर्षं पुरतात. पण छंद ठरला तर उत्पन्नावर टॅक्स पूर्ण आणि खर्च शून्य. मी क्षणभर घोड्याचा विचार केला. पण गच्चीवर सेक्रेटरी परवानगी देणार नाहीत आणि दिली तर त्यांनाही एक शिंगरू द्यावं लागेल.

एवढ्यात सीएला काहीतरी सुचलं. "काका, रोपं घरीच वाढवता ना? मग रोपवाटिकेतल्या रोपांचं उत्पन्न शेतीचं धरतात, 2008 च्या फायनान्स ॲक्टमध्ये तसं स्पष्टच घातलंय. शेतीला टॅक्स नाही."

मला भरून आलं. माण तालुक्यातली साडेतीन एकर कोरडवाहू वडिलांनी 1992 साली विकली, त्या दिवशी ते जेवले नव्हते, आणि इथे मी चौथ्या मजल्यावर, सातबारा नाही, विहीर नाही, बैल नाही, बाथरूममधून बादलीनं पाणी आणून परत शेतकरी.

"सगळी घरचीच ना पण?"

इथे माझा चेहरा पडला. अडेनियम मी कल्याण-शीळ रोडच्या नर्सरीतून आणतो, कुंडी बदलतो, दोन दिवस सावलीत ठेवतो आणि विकतो. ते झालं ट्रेडिंग. कुंड्याही विकतच्या, म्हणजे त्याही धंद्यात. कुंडीवर मी रात्री जागून वारली चित्रं काढतो, त्याचे पैसे कधी लावले नाहीत, तो तेवढा शुद्ध छंद. म्हणजे गिऱ्हाईक अडीचशे रुपये देतं त्यात रोप शेती, कुंडी धंदा आणि नक्षी छंद, आणि ते फोडायचे कसे हे त्यालाही कळेना आणि मलाही.

"आणि बाल्कनीतली माती रोज मी झाडते ते कशात?" पुन्हा आतून. सीएनं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

शेवटी त्यानं अंदाजानं नाही, बिलं लावून बसून वाटणी केली. घरच्या रोपांचे 9,640, त्यातून खत-माती वजा जाता शेती 4,700, पाच हजारांच्या आत, कारण त्याच्या वर गेलं तर साधा फॉर्म चालत नाही. उरलेले 29,000 धंदा. सगळे यूपीआयनं आलेले म्हणून 44एडी कलमाखाली, म्हणजे खरा खर्च न बघता, विक्रीच्या सहा टक्के नफा धरायचा, रोखीत घेतले असते तर आठ. झाले 1,740. बावीस हजार घालवलेल्या माणसाला सरकारी कागदावर का होईना कोणीतरी नफ्यात आणलं. माझ्या वीस टक्क्यांच्या स्लॅबनं टॅक्स सेससकट 362 रुपये, आणि 'सहज' जाऊन आता 'सुगम', म्हणजे आयटीआर चार, म्हणून सीएची फी पाचशेवरून दोन हजार. सुगम कोणाला ते कळलंच.

निघताना तो दाराशी थांबला. "काका, आईला एखादं झाड हवं होतं."

मी अडेनियम उचललं तर म्हणाला, "हे आणलेलं ना? घरचं द्या."

मग जेडचं दिलं, त्या पहिल्या फांदीचं नातवंड, छानपैकी वारली कुंडीत.

"कुंडी नको काका, उगाच धंद्यात जाईल." असं म्हणून त्यानं रोप मुळासकट उपटलं, कालच्या पेपरात गुंडाळलं, पन्नास रुपये स्कॅन केले आणि गेला. पेपर खालून फाटलेला होता. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर माती सांडलेली होती आणि बायको झाडू माझ्या हातात देऊन आत निघून गेली.