न्यूपोर्टची हिरवळ आणि भारताची चार विजेतेपदे

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी लागोपाठच्या दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. २० जुलैला विजय अमृतराज आणि लिअँडर पेस यांना आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले आशियाई पुरुष ठरले. दुसऱ्या दिवशी त्याच आवारातील हिरवळीवर मार्कोस गिरोनने अ‍ॅलेक्स मिकेल्सनला हरवून एकेरीचे विजेतेपद मिळवले, आणि १९७६ पासून चालत आलेली ‘हॉल ऑफ फेम ओपन’ ही एटीपी दौऱ्यावरील, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यावरील, स्पर्धा त्या सामन्याबरोबर संपली. पहिल्या घटनेचे आपल्याकडे योग्य ते कौतुक झाले. दुसरीबद्दल मात्र पुण्यातल्या टेनिसप्रेमींच्या गप्पांतही मला फारसे काही ऐकू आले नाही, आणि याची खंत मला तेव्हापासून आहे. ज्या दोघांचा आपण सत्कार करत होतो, त्यांच्या नावावर या एकाच स्पर्धेची एकेरीची चार विजेतेपदे आहेत, आणि ती स्पर्धा त्याच आठवड्यात बंद होत होती.

न्यूपोर्टमध्ये आता याच नावाने चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या, दर्जाची स्पर्धा होते, हे मला ठाऊक आहे. कोर्ट तीच आहेत, गवतही आहे. पण मुख्य दौऱ्यावरील स्पर्धा आणि चॅलेंजर यांत किती अंतर असते, हे टेनिस पाहणाऱ्याला सांगायला नको.

या जागेचा इतिहास थोडक्यात सांगतो. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वर्तमानपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी १८८० मध्ये न्यूपोर्ट कॅसिनो ही वास्तू उभी केली. नाव कॅसिनो असले तरी ती श्रीमंतांच्या उन्हाळी करमणुकीची जागा होती. लाकडी कोरीवकामाचे सज्जे आणि मधोमध हिरवळ असे तिचे रूप. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, अमेरिकेची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा येथे झाली आणि १९ वर्षांच्या रिचर्ड सीअर्सने ती जिंकली. ते वर्ष धरून सलग सात वर्षे त्याने ती सोडली नाही. आज आपण जिला यूएस ओपन म्हणतो तिचे मूळ हेच. १९१५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला गेली, पण न्यूपोर्टने निमंत्रितांची स्पर्धा भरवून हिरवळ जागती ठेवली, आणि ती १९६७ पर्यंत चालली. या काळातला न्यूपोर्टचा खरा माणूस म्हणजे जिमी व्हॅन अ‍ॅलन. १९५४ मध्ये हॉल ऑफ फेम उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने, आणि संपता न संपणाऱ्या सेटना वैतागून गुण मोजण्याची जी नवी पद्धत त्यांनी १९६५ मध्ये याच कोर्टवर व्यावसायिक खेळाडूंकडून खेळवून पाहिली, तिच्यातूनच टायब्रेक, म्हणजे बरोबरीत अडकलेला सेट मिटवणारा निर्णायक गेम, आला. आज पुण्याच्या बालेवाडीत एखादा मुलगा ६-६ वर टायब्रेक खेळतो तेव्हा त्याचा धागा थेट न्यूपोर्टच्या गवतापर्यंत पोहोचतो.

१९७६ मध्ये पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा येथे सुरू झाली आणि पहिला विजेता ठरला तो मद्रासचा बावीस वर्षांचा विजय अमृतराज. १९८० मध्ये तो पुन्हा जिंकला. १९८४ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, त्याने अंतिम सामन्यात टिम मेयॉटला हरवले, आणि मेयॉट म्हणजे दोनच वर्षांपूर्वी विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठलेला, गवतावर रमणारा अमेरिकन. या तिसऱ्या विजयाला मी पहिल्यापेक्षा मोठा मानतो, कारण तोवर टेनिसची रॅकेट बदलली होती, चेंडूचा वेग वाढला होता, आणि विजयची ताकद मात्र अजूनही मनगटात आणि वेळ साधण्यातच होती. उंच शरीर वाकवून चेंडू टप्प्याला लागताक्षणी उचलायचा, हाफ व्हॉली प्रतिस्पर्ध्याच्या पायांशी ठेवायची, आणि हे सगळे घाई न दाखवता करायचे, ही कला गवतावरच पूर्ण किंमत मिळवते. क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवर तोच चेंडू उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हातात बसतो.

या स्पर्धेचा स्वभावच वेगळा होता. विम्बल्डन संपताच दुसऱ्या आठवड्यात ती होई, त्यामुळे थकलेले मोठे खेळाडू विश्रांतीला जात आणि मैदान जिद्दीच्या माणसांना मोकळे राही. १९७६ नंतर कितीतरी वर्षे अग्रमानांकित खेळाडूला येथे जिंकता आले नव्हते, आणि लोक त्याला कॅसिनोचा शापच म्हणत. तो शाप २०११ मध्ये जॉन इस्नरने मोडला. २००९ मध्ये तर पात्रता फेरीत हरूनही लकी लूजर म्हणून आत आलेला राजीव राम थेट विजेता झाला. गवताचा टप्पा इतका खाली राही की उंच उसळीवर पोसलेल्या खेळाडूंची लय पहिल्याच सामन्यात बिघडे, आणि जो स्लाइस म्हणजे कापून फटका मारू शकतो, जाळ्याकडे धावू शकतो, त्याला एखादा आठवडा तरी आपला वाटे.

लिअँडरचा तो आठवडा १९९८ चा. अंतिम सामन्यात नेव्हिल गॉडविनवर मात करून त्याने मिळवलेले हे एटीपी एकेरीचे विजेतेपद त्याच्या प्रदीर्घ कारकिर्दीतले एकमेव ठरले. पुढच्याच महिन्यात त्याने न्यू हेवनला पीट सँप्रसला हरवले, त्यामुळे न्यूपोर्टचा विजय झाकोळला गेला, पण माझ्या मते त्या वर्षीचा लिअँडर समजून घ्यायचा तर न्यूपोर्टपासूनच सुरुवात केली पाहिजे. समोरच्याची दुसरी सर्व्ह हळू आली की तो बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत येऊन चेंडू नुसता कापून पुढे ढकले आणि त्या चेंडूच्या मागोमाग स्वतः जाळ्याशी पोहोचे. चेंडू गवतावर घसरत जाई, प्रतिस्पर्ध्याला गुडघे वाकवून तो उचलावा लागे, आणि उचललेला चेंडू नेमका लिअँडरच्या रॅकेटवर येई. त्याची सर्व्ह जागतिक दर्जाची नव्हती आणि फोरहँड तर नव्हताच. तरीही तो एकेरीत जिंकू शकला, कारण असे खेळणाऱ्याला जागा देणारी एक स्पर्धा दौऱ्यावर शिल्लक होती.

त्यानंतरही भारताची नावे येथे येत राहिली. २००८ मध्ये विजयचा मुलगा प्रकाश, अमेरिकेत वाढलेला पण डेव्हिस कपमध्ये भारताकडून खेळलेला, अंतिम फेरीत फाब्रिस सँतोरोकडून हरला. २०१८ मध्ये रामकुमार रामनाथन अंतिम फेरीत पोहोचला आणि स्टीव्ह जॉन्सनविरुद्ध तीन सेटपर्यंत लढला.

हे योगायोग नाहीत. आपले टेनिस गवतावरच घडले. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले, १९६६ मध्ये कोलकात्याच्या साउथ क्लबच्या हिरवळीवर टोमाझ कॉखला हरवून त्यांनीच भारताला डेव्हिस कपच्या अंतिम फेरीकडे नेले, आणि १९९५ मध्ये दिल्लीच्या गवतावर लिअँडरने गोरान इव्हानिसेविचला नमवले. यात आपल्या शहराचाही वाटा आहे. सप्टेंबर १९७४ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील डेव्हिस कपची उपांत्य लढत पुण्यात हिरवळीवर झाली आणि विजय व आनंद अमृतराज यांच्या संघाने ती ३-१ अशी जिंकली. पुढे वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम सामना न खेळण्याचा निर्णय झाला, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या अंतिम फेरीचे दार पुण्याच्या गवतावर उघडले होते, हे आज पुण्यातल्या टेनिस शिकणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही.

त्याच १९७४ मध्ये चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावर होत होत्या. १९७५ मध्ये फॉरेस्ट हिल्सने गवत उखडून क्ले आणले, १९७८ मध्ये यूएस ओपन फ्लशिंग मेडोजच्या हार्ड कोर्टवर गेली, आणि १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनने कूयाँगची हिरवळ सोडली. विम्बल्डननेही २००१ मध्ये आपले मिश्र गवत बदलून फक्त रायग्रास पेरले, जमीन टणक झाली, चेंडू जास्त उसळू लागला. पूर्वीच्या छायाचित्रांत स्पर्धेच्या शेवटी सर्व्हिस रेषेपासून जाळ्यापर्यंत गवत झिजून मातकट झालेले दिसते. आजच्या छायाचित्रांत तोच मातकट पट्टा बेसलाइनला असतो आणि जाळ्याजवळचे गवत हिरवेगार राहते, कारण जाळ्याकडे धावणारा खेळ मागे पडला. न्यूपोर्ट बंद झाल्यावर एटीपी दौऱ्यावरील गवताच्या सर्व स्पर्धा आता युरोपात आहेत आणि जून-जुलैच्या पाच आठवड्यांत आटोपतात.

स्पर्धा का संपली, याचे उत्तर मुख्यतः दौऱ्याच्या वेळापत्रकात आहे. एटीपीने मास्टर्स या ग्रँड स्लॅमखालोखालच्या स्पर्धांपैकी बहुतेक बारा दिवसांच्या केल्या आणि विजेत्याला २५० गुण देणाऱ्या, न्यूपोर्टसारख्या लहान स्पर्धा कमी करण्याचे धोरण घेतले. हे धोरण मला चुकीचे वाटते. शंभराव्या क्रमांकाच्या आसपास झगडणाऱ्या खेळाडूला, विशेषतः आपल्यासारख्या देशातल्या खेळाडूला, मोठ्या स्पर्धेत शिरकावच मिळत नाही. त्याचे मोठे दिवस २५० च्या स्पर्धांतच येतात. याची झळ पुण्याला लागलेली आहे. चेन्नईहून आलेली महाराष्ट्र ओपन २०१८ पासून बालेवाडीत होत होती, देशातली ती एकमेव एटीपी स्पर्धा होती, आणि २०२३ नंतर तिचा आठवडा हाँगकाँगला गेला. न्यूपोर्टला झुंजलेल्या रामकुमारने २०२२ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर दुहेरीचे विजेतेपद बालेवाडीतच मिळवले होते. केविन अँडरसनने २०१९ मध्ये पुण्यात आणि २०२१ मध्ये न्यूपोर्टला विजेतेपद मिळवले, आणि ते दुसरे त्याच्या कारकिर्दीतले शेवटचे ठरले. रामकुमारच्या कारकिर्दीतून पुणे आणि न्यूपोर्ट काढून टाकले तर काय उरते, ते पाहावे.

क्लबांची अडचण मला समजते. गवताचे कोर्ट रोज कापावे लागते, रोलर फिरवावा लागतो, रेषा पुन्हा आखाव्या लागतात, पाणी मोजून द्यावे लागते, आणि एवढे करूनही काही तासांच्या खेळानंतर त्याला विश्रांती द्यावी लागते. हार्ड कोर्टवर पहाटेपासून रात्री दिव्यांखाली शिकवणीच्या बॅच चालतात आणि त्याच शुल्कावर क्लब उभे राहतात. पण याचा परिणाम आपण २०१९ मध्ये पाहिला. इटलीविरुद्धची डेव्हिस कप लढत आपण मुद्दाम कोलकात्याच्या गवतावर ठेवली, आणि पहिल्याच दिवशी सेप्पीने रामकुमारला व बेरेत्तिनीने प्रज्ञेश गुणेश्वरनला हरवले. गवत आपले होते, पण आपली मुले त्यावर वाढलेली नव्हती.

म्हणून पुण्यातल्या क्लबांकडे आणि राज्य संघटनेकडे माझे मागणे अगदी मर्यादित आहे. शहरात दोन कोर्ट हरळीची करावीत, पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच ती वापरावीत, आणि चौदा व सोळा वर्षांखालील मुलांची वर्षातून एक स्पर्धा त्यांवर घ्यावी. खर्चाचा प्रश्न आला तर तो सभासदांपुढे उघडपणे मांडावा. वर्गणी द्यायला माझ्यासारखे लोक पुढे येतील. न्यूपोर्टची चॅलेंजर स्पर्धा सुरू आहे आणि विम्बल्डनच्या पात्रता फेरीची दारेही उघडी आहेत. तिथे जाणाऱ्या पुण्याच्या मुलाने खाली राहणारा चेंडू पहिल्यांदा तिथेच पाहू नये, एवढी तयारी आपण इथे नक्की करून देऊ शकतो.