पात्र, पण मिनेसोटात

सोलापुरात आमच्या पूर्व भागात समोरच्या घरात लूम चालायचा, त्यामुळे माझं घोरणं पंधरा वर्षं कुणाच्या कानावर आलं नाही. लूम बंद पडला आणि गल्लीला कळलं, की अर्धी खटखट माझीच होती.

बायकोची तक्रार वेगळी. "घोरा हो खुशाल. मधेच बंद पडता, त्याची भीती वाटते."

अमेरिकेतल्या भाच्यानं फोनवरच निदान केलं, स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार. "मामा, आमच्या मिनेसोटात 2018 पासून ह्याच्यावर गांजा मिळतो. सरकारमान्य! फक्त तुम्ही त्यांच्या नियमात बसायला पाहिजे."

स्पीकर चालू होता. स्वयंपाकघरातून कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला. जेवायला अजून तासभर होता.

डॉक्टरांनी आधी टेप लावून मान मोजली. 42 सेंटीमीटर, 40 च्या पुढे धोका म्हणे. मग कागद दिला. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता 0 ते 3. टीव्ही बघताना? 3. जेवून शांत बसल्यावर? 3. दुपारी आडवं व्हायला मिळालं तर? मे महिन्यात सोलापुरात हे विचारणाऱ्यालाच आधी तपासायला हवं. 24 पैकी 19 पडले. 10 च्या वर गडबड असते.

मग एक रात्र डोक्याला, छातीला, पायांना वायरी आणि बोटाला चिमटा लावून झोपलो. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याला एवढ्या वायरी नसतील. निकाल लागला, तासाला 38 वेळा श्वासाची अडवणूक. 30 च्या वर म्हणजे तीव्र. बोर्डाला गणितात 35 वर सुटलेला माणूस मी, 38 ऐकून छाती फुगली.

"म्हणजे मी बसतो?"

"कशात?"

सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनंच त्याच साली सांगितलंय, ह्या आजाराला गांजा नको म्हणून. आणि आपल्याकडं अमली पदार्थांचा 1985 चा कायदा आहे. झोप लागेल तुम्हाला, पण जेलमध्ये."

(भांगेच्या पानांची आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात, असं मेडिकलवाला हळूच म्हणाला. पण बायको शेजारीच उभी होती.)

शेवटी श्वास अडकू नये म्हणून नाकात हवा सोडणारं मशीन आलं. नाकावर मास्क, त्याला लांबलचक नळी. पहिल्याच रात्री तीनला, चार दिवसांच्या खंडानंतर, नळाला पाणी आलं. घागर घेऊन उठवायला आलेली बायको माझी सोंड बघून जी किंचाळली, की गल्लीतले दिवे लागले.

"काय झालं हो वहिनी?"

"काही नाही," ती खिडकीतून म्हणाली, "पाणी आलंय."

सगळे घागरी घेऊन पळाले.