पँट काळीच होती

गेल्या शनिवारी फोर्टात, बोरा बाजारातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात, एका अनोळखी गृहस्थांच्या पँटीपायी मला पंधरा हजारांचा फटका बसला. पँट माझी नव्हती. तिच्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता. तरी आज चार दिवस झाले, डोळे मिटले की मला ती पँटच दिसते.

प्रकरण थोडक्यात असं. माझ्याकडे एक जुना डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आहे. जर्मन, २००६ सालचं मॉडेल, १० मेगापिक्सेल. तो देऊन, वर पैसे घालून, त्याच घराण्यातला २००९चा थोरला भाऊ घ्यायचा, तोही वापरलेलाच, असं आठ महिने माझ्या मनात घोळतंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव टाकून शोधलं की किंमत दिसते, आणि माझे लेख घरीही वाचले जातात.

ज्यांना ही बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचंच नसतं. वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून बघायचं. मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात समोरच्या माणसाची दुसरी, पुसट छबी दिसते. रिंग फिरवत ती पहिलीवर नेमकी बसवायची. बसली की फोकस. ऑटोफोकस नाही, व्हिडिओ नाही, झूम नाही. ७० सेंटिमीटरच्या आतलं काही टिपता येत नाही, म्हणजे लोकलमध्ये निरुपयोगीच, तिथे माणसं सात सेंटिमीटरवर असतात. आणि लेन्सला झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. भाचीच्या मुलाच्या बारशाला, ऐन नाव ठेवताना, मी अकरा फोटो झाकणासकट काढले. शेवटी एका सहा-सात वर्षांच्या मुलीने माझा शर्ट ओढला. म्हणाली, "आजोबा, झाकण." झाकणाचं एक वेळ सोडून देऊ. आजोबा?

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने असल्याच जातीच्या कॅमेऱ्यावर १९४८च्या जानेवारीत दिल्लीला गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे फोटो काढले. कॅमेऱ्याच्या चकाकणाऱ्या भागांवर तो काळी पट्टी चिकटवायचा, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. मीही चिकटवली. माझ्याकडे तसंही कुणाचं लक्ष जात नाही. पट्टी निघाली, तिचा गोंद राहिला. शनिवारी दुकानाच्या शेठने कॅमेरा हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर तो गोंद नखाने खरवडला आणि माझ्याकडे पाहिलं.

कॅमेरा बदलायचं माझं अधिकृत कारण म्हणजे रेंजफाइंडर हललाय. आतली यंत्रणा नाजूक असते, एखादा धक्का बसला तरी केसभर सरकते, मग दोन छब्या जुळल्या तरी फोटो मऊ येतो. वर्षभर माझे सगळे फोटो मऊ येतायत. हे मी घरी सांगितलंय, ऑफिसात सांगितलंय, पंक्चरवाल्यालासुद्धा सांगितलंय.

तर दुकानात आम्ही तिघं. गल्ल्याशी शेठ, स्टुलावर मी, आणि शेजारच्या स्टुलावर ते अनोळखी काका. दुर्बिणीला पट्टा घ्यायला आले होते. पट्टा मिळून, पैसे देऊन झाले होते. जायचं कारण होतं, पण समोर दुसऱ्याचा व्यवहार चालू असताना उठून जाणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचाय.

या कॅमेऱ्याचं कार्ड काढायचं तर सबंध तळ उघडावा लागतो. चांगला जड पितळी पत्रा आहे. शेठचे हात गुंतलेले, म्हणून त्याने तळ काढून काकांकडे दिला, "धरा जरा." तेवढ्यात चहा आला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, तळ मांडीवर आडवा ठेवला आणि त्यावर कटिंगचा ग्लास.

"काका, तो कॅमेऱ्याचा भाग आहे."

"हो ना. भक्कम आहे एकदम."

तळ लावल्याशिवाय कॅमेरा चालत नाही. चहा गरम होता. आम्ही थांबलो.

चहा संपला, तळ बसला, शेठने समोर बसलेल्यावरच दोन फोटो काढले. तेही खांद्यात मोबाईल दाबून कुणाशी तरी बोलत, स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून. पडद्यावर फोटो आला तो काकांनी वाकून पाहिला.

"हे मी?"

"हो."

"ही पँट कुणाची?"

फोटोतली पँट जांभळी होती. पिकलेल्या जांभळासारखी, तिच्यावर उन्हाची तिरीप पडलेली.

इथे चूक माझी. या मॉडेलच्या सेन्सरपुढची, म्हणजे फिल्मच्या जागी फोटो टिपणाऱ्या भागापुढची काच मुद्दाम पातळ ठेवलेली, त्यामुळे त्याला डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरणही दिसतात. आपल्याला काळे दिसणारे सिंथेटिक कपडे ते किरण भरपूर परत फेकतात, म्हणून फोटोत जांभळे येतात. उपाय म्हणजे लेन्सवर खास फिल्टर. कंपनीने त्या काळी नव्या गिऱ्हाइकांना असे दोन फुकट दिले. मी तिसरा मालक, मी माझा विकत घेतला. तो ओरखडलेला होता, आणि मुलगी दाखवायला नेताना जे करतात तेच मी केलं, दोष घरी ठेवून गेलो.

"तुमची पँट टेरिकॉटची आहे ना," मी समजावायला गेलो, "त्यातून इन्फ्रारेड किरण..."

"पँटमधून?" काकांनी पट्ट्याची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही. "म्हणजे आरपार दिसतं?"

"नाही हो, फक्त रंग बदलतो."

"रंग कसा बदलेल? काळी म्हणून घेतलीय. पुतण्याच्या लग्नात." मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "त्या दुकानात ट्यूबलाइट होती."

त्यांनी घरी फोन लावला. स्पीकरवर.

"अगं, माझी पँट कुठल्या रंगाची आहे?"

"कुठली?"

"मी घातलेली."

"घातलीय ना? मग बघा की खाली."

"मला दिसतेय. तू सांग."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "तुम्ही आधी घरी या."

काका उठले, पिशवी पुढे धरून उन्हात गेले. काचेतून आम्हाला दिसत होतं: आधी स्वतः वाकून पाहिलं, मग हातगाडीवाल्याला विचारलं, मग एका कॉलेजच्या मुलाला. मुलाने मोबाईल काढून फोटोच काढला आणि दाखवला. काका विजयी मुद्रेने परत आले.

"बाहेर काळी आहे. त्याच्या मोबाईलमध्येपण काळी. यांचा कॅमेरा खोटं बोलतो." आणि शेठकडे वळून, "आधी डिलीट करा ते."

शेठने डिलीट केलं आणि माझ्या कॅमेऱ्याचे पंधरा हजार कमी केले. त्याला हा रंग ठाऊक नसेल? पंचवीस वर्षं त्याच गल्लीत बसलाय. पण आता त्याला साक्षीदार मिळाला होता.

मी म्हटलं, ठीक आहे, थोरला भाऊ दाखवा. "डॉक्टरांचा आहे," शेठ म्हणाला. आपल्याकडे विकायला निघालेली प्रत्येक गाडी आणि प्रत्येक कॅमेरा डॉक्टरांचाच का असतो? इतक्या गाड्या, इतके कॅमेरे बाळगून ही मंडळी पेशंट कधी तपासतात? थोरल्या भावाचा रोग वेगळा. त्याच्या सेन्सरवरची काच कालांतराने गंजते. कंपनीने काही वर्षं सेन्सर बदलून दिले, आता बदलायला सेन्सरच उरलेले नाहीत. म्हणून घेताना लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, एफ सोळावर नेऊन, पांढऱ्याशुभ्र गोष्टीचा फोटो काढायचा आणि डाग शोधायचे. बोरा बाजारात पांढरीशुभ्र गोष्ट नाही. मी दारात जाऊन वायरींच्या मधल्या आभाळाचा फोटो काढला. कोपऱ्यात तीन ठिपके.

"धूळ," शेठ म्हणाला.

"घारी," काका म्हणाले. ते अर्थातच सोबत आले होते.

दुसरा फोटो काढला. ठिपके तिथेच.

"काका, घारी हलतात."

"वारा पडलाय."

हसू येतं ना? मला आलं नाही. वाढत्या वयात एक महागडी हौस आहे, आणि ती कुणालाही पटवून सांगता येत नाही, याचा खरंच राग येतो. मला माहीत आहे की त्या कॉलेजच्या पोराच्या मोबाईलने पँट बरोबर पाहिली. मला माहीत आहे की मी कमी सोयींचे जास्त पैसे मोजतोय. २००४ साली एप्सनने पहिला डिजिटल रेंजफाइंडर काढला, त्याला तर प्रत्येक फोटोआधी खटका ओढावा लागायचा, आत फिल्म नसताना. मला तोही हवा होता. यावर "पण का?" असं विचारणारा माणूस नेहमी बरोबरच असतो, आणि नेमका तोच शेजारच्या स्टुलावर बसलेला असतो. असो. दुर्बिणीने ते काय बघतात, हे मी विचारलं का?

व्यवहार झाला नाही. "विचार करून सांगतो," मी म्हटलं. "नीट विचार करा," काका म्हणाले. सीएसएमटीपर्यंत आम्ही एकत्र चालत गेलो, कारण त्यांनाही ठाणेच होतं. प्लॅटफॉर्मवरच्या दिव्याखाली त्यांनी पुन्हा एकदा पिशवी बाजूला करून पाहिलं.

रात्री घरी तळ उघडला. आतल्या बाजूला चहाचं अर्धं वर्तुळ होतं. ते पुसलं, कार्ड लॅपटॉपला लावलं. शेठने दोनांतला एकच फोटो उडवला होता. दुसरा मोठा करून पाहिला. पँट जांभळी, पण काकांच्या पापणीचा केस न् केस सुटा दिसत होता. मिशीतले पांढरे केस मोजता आले असते. चष्म्याच्या दांडीवरचा स्क्रूसुद्धा कातरल्यासारखा स्पष्ट. वर्षभरात या कॅमेऱ्यातून असा फोटो निघाला नव्हता. रेंजफाइंडर हललेला नव्हता, एक केसभरही.

मागे बायको येऊन उभी राहिली होती.

"हा छान आलाय," ती म्हणाली. "कुणी काढला?"