पाणी द्यायचं ते चुंबक बघून

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये सुरी घडवायला शिकण्याबद्दल एक लेख वाचला. पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचं, त्याबद्दल त्यात ‘पातं लाल झालं की तेलात बुडवा’ एवढंच दिलंय. घोळ नेमका तिथेच होतो. उजेडात लाली कमी दिसते, मग पोलाद जास्त तापवलं जातं आणि पातं ठिसूळ निघतं. भट्टीजवळ अंधार हवा आणि चुंबक हाताशी. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबक चिकटायचं थांबतं. साध्या कार्बन पोलादाला त्याहून थोडीच जास्त आच द्या आणि पातं ५०-६० अंशांच्या तेलात टोकाकडून सरळ बुडवा. तेलात थंड करायचं पोलाद पाण्यात घातलंत तर ‘टिंग’ ऐकू येईल. तो तडा! धार आधीच पातळ केली तर ती लाटेसारखी वाकते, म्हणून दीड मिलिमीटर जाडी राखायची. कानस पात्यावरून घसरली की पाणी बसलं. मग ठिसूळपणा कमी करायला लगेच २०० अंशांवर दोन-दोन तास तापवायचं, दोनदा.

ऐरणीवर धारेची बाजू ठोकली की ती लांबते आणि पातं पाठीकडे वळतं. त्यामुळे आधीच उलटा बाक द्यावा लागतो. आणि हो, १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने बनवलेलं स्टेनलेस पोलाद शेफील्डचंच, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याला हजार अंशांच्या आसपास आच लागते, तिथे चुंबकाची युक्ती चालत नाही.