खुर्च्या जप्त झाल्या म्हणून हसू नका

सकाळपासून ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. जमिनीचा मोबदला सरकारनं थकवला म्हणून कोर्टाचा बेलिफ सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या आणि कॉम्प्युटर बाहेर काढतोय आणि खाली सगळे हसतायत. "साहेब आता सतरंजीवर!" हसणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत, म्हणून लिहायला बसलोय. व्हिडिओ परत बघा. दाराला टेकून एक टोपीवाले आजोबा उभे आहेत. जमीन त्यांची गेलीय. ते हसत नाहीत.

आमच्या घरातही एक असेच आहेत. थोरले चुलते, आण्णा. आटपाडी तालुक्यातली त्यांची जमीन नव्वदच्या दशकात पाझर तलावात गेली, विहिरीसकट. सरकारनं ठरवलेल्या मोबदल्यात दुसरीकडं निम्मीसुद्धा जमीन आली नसती. आण्णांनी हरकत नोंदवून पैसे उचलले आणि जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली कोर्टात वाढीव मोबदल्यासाठी दाद मागितली. मग तारखा, तारखा आणि तारखा. शेवटी निकाल लागला तो आण्णांच्या बाजूनं. घरी पेढे आले. तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती, आता कॉलेजला जाते. पैसे अजून आलेले नाहीत.

निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून कोर्टात दरखास्त लावली, तरी सरकारी कार्यालयाचं उत्तर एकच. "निधी नाही. वर मागणी पाठवलीय. बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, रक्कम पडली की देऊ."

निधी नाही? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. राज्यघटनेचं कलम २०२ वाचा. काही खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, भारित केलेले आहेत, म्हणजे ते त्यातून द्यायचेच. राज्यपालांचं वेतन, विधानसभेच्या अध्यक्षांचं आणि परिषदेच्या सभापतींचं वेतन, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचे पगार, राज्याच्या कर्जाचं व्याज. आणि त्याच यादीत, त्यांच्याच रांगेत, कोर्टाच्या निकालापोटी द्यायची रक्कम. कलम २०३ म्हणतं की या खर्चावर विधानसभेत मतदान होत नाही. सरकार कुणाचंही असो, बहुमत कितीही असो, आण्णांचे पैसे मतदानानं नाकारायची वाटच घटनेनं ठेवलेली नाही.

मग अडतं कुठं? टेबलावर. मतदान नसलं तरी ती रक्कम अंदाजपत्रकात दाखवावी लागते आणि विनियोजन विधेयकात यावी लागते. त्याशिवाय तिजोरीतून रुपया हलत नाही. दाखवायची कुणी, तर ज्या खात्याच्या कामाला जमीन गेली त्यानं. त्या खात्यानं वेळेत मागणीच पाठवली नाही, की मार्चचा अर्थसंकल्प गेला, पावसाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या गेल्या, डिसेंबरात नागपूरच्याही गेल्या. राज्यपालांचं वेतन कधी असं राहून गेलंय का? मग त्याच यादीतल्या शेतकऱ्याचंच का राहतं?

काही दावे फुगवलेले असतात, एजंटांची साखळी असते, मान्य. त्यासाठी अपील आहे ना. करा अपील, आणा स्थगिती. पण अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, हे कुठल्या कायद्यात बसतं?

आणि याचा भुर्दंड कुणाला? जुन्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज आहे. फाईल दाबून ठेवणाऱ्याच्या खिशातून त्यातला एक पैसा जात नाही, ते व्याज तुमच्या-माझ्या करातून जातं. कारखान्यानं १४ दिवसांत उसाचं बिल दिलं नाही तर त्यालाही १५ टक्केच व्याज, आणि हा नियम सरकारचाच. उसासाठी आपण रस्त्यावर बसतो, वाहतूक अडवतो. सरकार स्वतः थकवतं तेव्हा आपण मुकाट बसतो आणि वर खुर्च्यांचे व्हिडिओ बघून हसतो. चीड येते मला याची.

आण्णांच्या दरखास्तीतही जप्तीचं वॉरंट निघालं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे निकालानंतर ३ महिने सरकारला मोकळे असतात, ते केव्हाच सरले होते. मी आण्णांना गाडीवरून घेऊन गेलो. बेलिफनं सामान मोजायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या टेबलावरची एक पोरगी, नवीनच लागलेली असावी, घाबरून उठून उभी राहिली. आण्णा बेलिफला म्हणाले, "त्या लेकीची खुर्ची राहू द्या. तिनं काय केलंय?" थोड्या वेळानं साहेबांनी मुदत मागणारं पत्र दिलं, सामान जागच्या जागी गेलं आणि आम्ही परत आलो. येताना आण्णा काहीच बोलले नाहीत. तासगावला चहाला थांबलो तर म्हणाले, "तुझा आजचा खाडा पडला."

त्या जुन्या खुर्च्या विकून कुणाचा मोबदला फिटत नाही, मित्रांनो. तो सगळा आटापिटा वरच्या कुणीतरी कागद पुढं सरकवावा म्हणून असतो.

भारित खर्चावर मतदान नसलं तरी चर्चा करायला घटनेची बंदी नाही. ते त्याच कलम २०३ मध्ये लिहिलंय. म्हणजे आपले आमदार सभागृहात विचारू शकतात, की सांगली जिल्ह्यात कुठल्या खात्याकडं किती निकालांची रक्कम थकलीय आणि ती या पुरवणी मागण्यांत का नाही. तालुकावार यादी मागू शकतात. आजवर किती जणांनी मागितली?

तुमच्या घरात अशी दरखास्त पडून असेल तर खाली तालुका, खातं आणि निकालाचं वर्ष एवढंच लिहा. नाव नको, रक्कम नको. पुढच्या अधिवेशनाआधी यादी करून जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या हातात देणार आहे, पक्ष कुठलाही असो. वकील मित्रांपैकी कुणी तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा करून देणार असेल तर आज रात्रीच फोन करा.