‘अजून’ म्हटल्याने चित्र सुधारत नाही, हे मान्य

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सहा महिने रोज अर्धा तास रेखाटन केलं, तीन स्केचबुकं भरली, तरी चेहऱ्यांत डोळे चुकतातच. म्हणून ‘जमत नाही’ऐवजी ‘अजून जमत नाही’ म्हणा, हा इथल्या लेखातला सल्ला म्हणजे गोड समजूत. हात उपजतच असावा लागतो.

पहिला भाग पटला. ग्रोथ माइंडसेटची, म्हणजे क्षमता वाढवता येते या धारणेची, कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनीच 2015 मध्ये बजावलं होतं की नुसत्या मेहनतीची पाठ थोपटणं म्हणजे ग्रोथ माइंडसेट नव्हे. अडलं तर पद्धत बदलावी लागते. लेखात यावर जोर द्यायला हवा होता.

आता डोळे. ते चुकतात म्हणजे बहुतेकदा वर सरकतात. माथ्यापासून (केसांचा फुगवटा सोडून) हनुवटीपर्यंतच्या साधारण मध्यावर डोळ्यांची रेषा येते. पण कपाळावर ‘बघण्यासारखं’ काही नसतं, म्हणून त्याला कमी जागा मिळते. ही चूक हाताची नाही, पाहण्याची आहे. शंभर चेहरे तसेच काढले तर तीच पक्की होते. कपाचंही तेच. बूड सपाट टेकलंय हे ठाऊक असतं, म्हणून तिथे सरळ रेघ येते. खरं तर वरून बघताना बुडाची कड काठापेक्षा जास्त गोलावलेली दिसते.

समोरून काढलेला, 15 सेंमी उंच चेहऱ्याचा फोटो छापून घ्या. तेवढ्याच आकारात, न मोजता, 20 मिनिटांत रेखाटा. मग फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून मुख्य रेषा गिरवा आणि माथा-हनुवटी जुळवून तो रेखाटनावर ठेवा. 3 मिमीहून जास्त फरक दिसेल तिथे लाल खूण. सगळ्यात मोठी एकच चूक कोपऱ्यात लिहा: ‘डोळे 8 मिमी वर’. ‘चेहरा बिघडला’ असं लिहिलं तर उद्या काय करायचं ते कळत नाही. पुढची चार रेखाटनं फक्त त्या एका चुकीसाठी. ओठ वाकडे झाले तर होऊ देत. गिरवणं मात्र आधी नको. आधी गिरवलं की हात रेघ पाठ करतो आणि डोळा सुट्टीवर जातो. खोडरबरही दूर ठेवा, खोडलेली चूक मोजता येत नाही.

समोरच्या वस्तूचं माप पेन्सिलने घेताना एक डोळा बंद आणि कोपर ताठ. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते, माप दर वेळी बदलतं, आणि बोल लागतो बिचाऱ्या हाताला.

काहींना प्रमाण लवकर दिसतं, हे खरंच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चेहऱ्याचा मध्य पट्टीने शोधायला उपजत काही लागत नाही, आणि तुमच्या सहा महिन्यांच्या वर्णनात अशी तपासणी कुठेच दिसली नाही.

तेव्हा जुनी स्केचबुकं टाकू नका. प्रत्येकातले समोरून काढलेले पाच चेहरे निवडा. माथा ते हनुवटी आणि माथा ते डोळे, अशी दोन मापं घ्या. दुसरं माप पहिल्याच्या निम्म्याहून दर वेळी कमी भरतंय का, ते आकड्यांसकट इथे कळवा.